पवनचक्कीवाल्यांना सरकारकडून नेमकं काय मिळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवनचक्की घेऊ पाहणारे कारखानदार, जुन्या पवनचक्कीचे मालक आणि पठारावर जमीन असलेले शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं भारतातल्या नियमांना धरून आहेत आणि त्यांत महाराष्ट्रावर भर आहे. कुठलीही सवलत समोर आली की एक गोष्ट आधी पाहावी, असं माझं ठाम मत आहे: हे पैसे यंत्र उभं केल्याबद्दल मिळतात, की वीज तयार केल्याबद्दल? या क्षेत्रातलं बरंवाईट बरंचसं याच फरकातून झालं आहे.

पवनचक्की उभारली की सरकार रोख अनुदान देतं का?

मोठ्या, वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेल्या पवनचक्कीला यंत्राच्या किमतीतला अमुक हिस्सा सरकार भरेल, अशी योजना आज नाही. सौर पंपासाठी किंवा घराच्या छतावरच्या सौर पॅनेलसाठी अनुदान मिळतं म्हणून पवनचक्कीलाही मिळेल, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. इथली मदत आडवळणाने येते: आयकरात घसारा, काही काळ प्रत्येक युनिटमागे प्रोत्साहन रक्कम, वीज नियामक आयोगाने ठरवलेला खरेदी दर, पारेषण शुल्कात माफी, वितरण कंपन्यांवर हरित वीज घेण्याचं बंधन. यातल्या काही सवलती चालू आहेत आणि काही फक्त जुन्या प्रकल्पांना लागू आहेत.

प्रत्येक जण आधी 'कार्यान्वित झाल्याची तारीख' का विचारतो?

कारण बहुतेक सवलती त्या तारखेला बांधलेल्या असतात. एकाच डोंगरावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, एकाच कंपनीच्या दोन पवनचक्क्या घ्या. एक मार्च २०१२ मध्ये सुरू झाली आणि दुसरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये, एवढ्याने त्यांचा कराचा हिशेब पार वेगळा होतो. म्हणून कार्यान्वयनाचा दाखला, पहिल्या संयुक्त मीटर वाचनाचा कागद आणि वीज खरेदी करार ही तीन कागदपत्रं जपून ठेवा. जुनी पवनचक्की विकत घेत असाल तर मूळ प्रतीच मागा.

जलद घसारा म्हणजे काय? त्यातून पैसे कसे वाचतात?

कुठल्याही यंत्राची किंमत वर्षागणिक कमी होते आणि ती घट व्यवसायाच्या नफ्यातून वजा करायला आयकर कायदा परवानगी देतो. साध्या यंत्रसामग्रीला हा दर १५ टक्के असतो. पवनचक्कीला तो मुद्दाम जास्त ठेवला गेला: १९९० च्या दशकात १०० टक्के, त्यानंतर ८० टक्के. १ एप्रिल २०१२ पासून उभारलेल्या पवनचक्क्यांसाठी ही खास सवलत काढून घेतली. २०१४ मध्ये ८० टक्के परत आले आणि १ एप्रिल २०१७ पासून दर ४० टक्क्यांवर आणला गेला.

हिशेबासाठी समजा, यंत्राची किंमत सहा कोटी रुपये आहे. ८० टक्क्यांच्या काळात पहिल्याच वर्षी चार कोटी ऐंशी लाख रुपये नफ्यातून वजा व्हायचे. ३० टक्के कर भरणाऱ्या कंपनीचा त्या वर्षीचा कर अधिभार न धरताही एक कोटी चव्वेचाळीस लाखांनी कमी व्हायचा. आज ४० टक्क्यांनी वजावट दोन कोटी चाळीस लाखांची होते. उरलेली किंमत पुढच्या वर्षांत वजा होतच राहते, म्हणजे कर पूर्ण माफ होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. पण हातात लवकर आलेल्या पैशाला व्यवसायात मोल असतं आणि सवलतीचं बळ तेवढंच आहे.

तीन अटी लोक विसरतात. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे ऑक्टोबर उजाडून दोन-तीन दिवस होण्याआधी पवनचक्की फिरायला हवी. दुसरं, वजा करायला मुळात नफा हवा. धंद्यात नफा नसेल तर घसारा पुढे ओढता येतो, पण त्या वर्षी हातात काही पडत नाही. पगारातून मात्र तो वजा होत नाही, त्यामुळे नोकरदाराने केवळ कर वाचवण्यासाठी पवनचक्कीत हिस्सा घेण्यात अर्थ नाही. तिसरं, ज्या कंपन्यांना किमान पर्यायी कर लागतो, त्यांचा तो कर पुस्तकी नफ्यावर मोजतात. तिथे हा जादा घसारा उपयोगी पडत नाही.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात जुन्या कागदांतले कलम क्रमांक बदलले आहेत. सीएकडे जाताना कलम पाठ करून जाण्यापेक्षा तारखा घेऊन जा.

फक्त कर वाचवण्यासाठी लावलेल्या पवनचक्क्या कमी वीज देतात, हे खरं आहे का?

सरसकट असं म्हणणं अन्याय होईल. पण सवलतीची रचनाच अशी होती की मालकाचा सर्वांत मोठा फायदा पहिल्या वर्षी, पातं फिरल्याबरोबर पदरात पडायचा. त्यानंतर यंत्र २० टक्के क्षमतेने चाललं की २५ टक्क्यांनी, याची आच त्याला तितकीशी लागत नसे. ज्या उद्योजकाचा मूळ धंदा मोटारींचा, कापडाचा किंवा रसायनांचा आहे, तो पवनचक्कीकडे कराच्या रकान्यातली नोंद म्हणून पाहू लागला तर दोष एकट्या त्याचा नाही. वारा तर जून ते सप्टेंबर असतो, आणि उभारणीची सगळी धांदल मात्र मार्चअखेर. ही तारीख हवामानाने ठरवलेली नव्हती, आयकराने ठरवली होती.

तरीही या सवलतीशिवाय भारतात पवनऊर्जा इतक्या लवकर उभी राहिली नसती, हेही तितकंच खरं. १९८६ मध्ये गुजरात, तमिळनाडू आणि आपल्या कोकणात ५५ किलोवॅटची प्रात्यक्षिक यंत्रं लागली, तेव्हा खासगी पैसा या धंद्यात यायला तयार नव्हता. तो आणला घसाऱ्याने.

जीबीआय म्हणजे काय? ती अजून मिळते का?

जीबीआय म्हणजे उत्पादनावर आधारित प्रोत्साहन. वर म्हटलेल्या दोषावर हे नेमकं औषध होतं. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने योजना आणली: जाळ्यात सोडलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे, तेही खरेदी दराच्या वर. कमाल रक्कम मेगावॅटमागे ६२ लाख रुपये, ती किमान चार आणि कमाल दहा वर्षांत विभागून. पैसे 'इरेडा' या नवीकरणीय ऊर्जेला कर्ज देणाऱ्या केंद्राच्या संस्थेमार्फत मिळत. जलद घसारा घेतला की जीबीआय नाही, दोन्हींपैकी एकच निवडायचं. ही अट सगळ्यांत शहाणपणाची होती, कारण त्यामुळे पहिल्यांदाच असे उत्पादक आले ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच वीजनिर्मिती होता.

एक मेगावॅटचं यंत्र २२ टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला सुमारे १९ लाख २७ हजार युनिट वीज होते. ५० पैशांनी साधारण ९ लाख ६३ हजार रुपये. या वेगाने ६२ लाखांची मर्यादा साडेसहा वर्षांच्या आत संपते. यंत्र बंद पडलं तर रक्कमही थांबते. म्हणून गिअरबॉक्स बिघडल्यावर दुरुस्तीसाठी मालक स्वतः फोन करू लागला.

पहिली योजना मार्च २०१२ मध्ये थांबली. २०१३ मध्ये ती पुन्हा सुरू केली आणि मर्यादा मेगावॅटमागे एक कोटी केली. ३१ मार्च २०१७ नंतर कार्यान्वित झालेल्या प्रकल्पांना जीबीआय नाही. त्याआधी नोंद झालेल्यांची दहा वर्षं आणि रकमेची मर्यादा संपेपर्यंत पैसे मिळत राहतात.

सवलती काढल्यावर खरंच फरक पडला का?

पडला, आणि आकड्यांत स्पष्ट दिसतो. २०११-१२ मध्ये देशात तीन हजार मेगावॅटहून अधिक पवनऊर्जा उभी राहिली. घसारा आणि जीबीआय दोन्ही एकदम थांबल्यावर पुढच्या वर्षी ती सतराशेच्या आसपास आली. २०१६-१७ मध्ये विक्रमी साडेपाच हजार मेगावॅट झाली. त्यानंतर जीबीआय संपली, दहा वर्षांची आयकर सुट्टीही (नफ्यावरची करमाफी) नव्या प्रकल्पांना बंद झाली, लिलाव आले, आणि २०१७-१८ मध्ये आकडा पुन्हा दोन हजारांच्या खाली. सवलत कायम राहावी असं माझं म्हणणं नाही. पण ती कधी आणि कशी कमी होणार हे चार-पाच वर्षं आधी कळायला हवं. एका मार्चमध्ये नळ बंद केला की पाती आणि मनोरे बनवणाऱ्या कारखान्यांतली माणसं घरी बसतात.

महाराष्ट्रात पवनचक्क्या इतक्या लवकर कशा आल्या?

वारा होताच, पण खरा धक्का राज्याच्या धोरणाने दिला. १९९८ च्या धोरणात गुंतवणूकदाराला विक्रीकरात सवलत मिळाली. केंद्राचा घसारा आणि राज्याचा विक्रीकर एकत्र आल्यावर पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, साताऱ्याजवळची चाळकेवाडी अशी पठारं काही वर्षांत पवनचक्क्यांनी भरली. तेव्हाची यंत्रं साडेतीनशे किलोवॅटच्या आसपासची होती.

२४ नोव्हेंबर २००३ ला राज्य वीज नियामक आयोगाने नव्या प्रकल्पांसाठी दर ठरवला: पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, दरवर्षी १५ पैशांची वाढ, करार तेरा वर्षांचा. म्हणजे तेराव्या वर्षी पाच रुपये तीस पैसे. बँकेला असा लेखी, चढता दर दाखवता आला की कर्ज मिळणं सोपं होतं. २००४ च्या धोरणाने रस्ते आणि वीज वाहून नेण्याच्या वाहिन्यांच्या खर्चातही हात दिला. साक्री तालुक्यातलं ब्रह्मणवेल, सांगली जिल्ह्यातलं ढालगाव, पारनेरजवळचा कावड्या डोंगर अशा जागा पुढे आल्या. एकेका पवनचक्कीमागे किती टन माल घाटातून वर न्यावा लागतो हे पाहिलेल्याला रस्त्याच्या पैशाची किंमत सांगावी लागत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याचं अपारंपरिक ऊर्जा धोरण आलं. त्यात एकूण १७,३६० मेगावॅटचं लक्ष्य होतं, पवनऊर्जेच्या वाट्याला २,५०० मेगावॅट. नोंदणी आणि पायाभूत सुविधांची मंजुरी पुण्याच्या 'महाऊर्जा' या राज्य सरकारच्या संस्थेकडून होते.

तेरा वर्षांचा करार संपला. आता काय?

करार तेरा वर्षांचा आणि यंत्राचं आयुष्य वीस ते पंचवीस वर्षांचं, ही अडचण सुरुवातीपासून दिसत होती. करार संपलेल्या मालकापुढे तीन वाटा आहेत: वितरण कंपनीशी नवा करार, ओपन अ‍ॅक्सेसने (म्हणजे दुसऱ्याच्या वाहिन्या शुल्क भरून वापरत) थेट एखाद्या कारखान्याला विक्री, किंवा वीज बाजारात विक्री. पहिल्या वाटेत जुना पाच रुपयांचा दर विसरा. यंत्राची किंमत वसूल झालेली आहे असं धरूनच नवा दर ठरतो. तो फार कमी वाटला तरी आपला देखभाल करार, विमा आणि जागेचं भाडं एका कागदावर मांडून मगच नाही म्हणा. वितरण कंपनीकडून थकबाकी येणं असेल तर करार संपण्याआधी तिची लेखी पोच घेऊन ठेवा. २०२२ च्या केंद्राच्या नियमांमुळे उशिरा दिलेल्या पैशांवरचा अधिभार मागण्याचा हक्क बळकट झाला आहे.

नव्या प्रकल्पाचा दर आता कोण ठरवतं?

लिलाव, म्हणजे जो कमी दराने वीज द्यायला तयार त्याला प्रकल्प. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशातल्या पहिल्या पवन लिलावात दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातच्या लिलावात तो २ रुपये ४३ पैसे झाला. मार्च २०१८ मध्ये महावितरणच्या लिलावात २ रुपये ८५ पैशांच्या आसपास बोली लागली. ग्राहकासाठी ही चांगली बातमी होती. पण इतक्या कमी दराने बोली लावलेल्या काही कंपन्यांना पुढे प्रकल्प पूर्ण करणं जड गेलं. आणि एक मेगावॅटची पवनचक्की घेणारा मध्यम उद्योजक या खेळातून जवळपास बाहेर पडला. कमी दर कागदावर चांगला दिसतो, पण न उभ्या राहिलेल्या मनोऱ्यातून वीज येत नाही. २०२३ मध्ये केंद्राने पवन प्रकल्पांसाठी उतरत्या बोलीची पद्धत सोडली, ते योग्यच झालं.

माझा कारखाना आहे. स्वतःसाठी पवनचक्की घेतली तर काय फायदा?

महाराष्ट्रातल्या मध्यम उद्योगाला आज सर्वांत जास्त हाती लागतं ते इथेच. स्वतःची, म्हणजे 'कॅप्टिव्ह' वीज असेल तर क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांची वीज स्वस्त ठेवण्यासाठी घेतली जाणारी रक्कम) लागत नाही. वितरण कंपनीऐवजी बाहेरून वीज घेतल्याबद्दलचा अतिरिक्त अधिभारही कॅप्टिव्ह ग्राहकाला लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात दिला. औद्योगिक दर जितका चढा, तितकी ही बचत मोठी. वहन आकार, पारेषण आकार आणि वाटेतली गळती मात्र भरावीच लागते.

अट अशी: वीज वापरणाऱ्यांची प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरायला हवी. चार-पाच कारखाने मिळूनही हे करू शकतात, पण मग प्रत्येकाचा वापर त्याच्या मालकीच्या प्रमाणात असावा लागतो. तपासणी दरवर्षी होते. एखाद्या भागीदाराचा कारखाना सहा महिने बंद राहिला आणि ५१ टक्क्यांचं गणित बिघडलं, तर त्या पूर्ण वर्षाचा अधिभार मागे जाऊन वसूल होतो. गटात शिरताना इतर भागीदारांचा ताळेबंद पाहा.

दुसरा जिव्हाळ्याचा मुद्दा बँकिंगचा. आपल्याकडे वर्षाच्या पवनविजेचा मोठा वाटा पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतो. पूर्वी जुलैची जादा वीज जाळ्यात ठेवून पुढे हिवाळ्यात वापरता येत होती. आता बँकिंग महिन्यापुरतं आहे. त्यामुळे कारखान्याच्या जुलैच्या गरजेवरून पवनचक्कीची क्षमता ठरवा, वर्षाच्या एकूण बिलावरून नाही. विक्रेता दाखवतो तो तक्ता वार्षिक असतो. त्याला महिन्यागणिक तक्ता मागा आणि आपल्या बारा बिलांशेजारी ठेवा. ज्याने हा एक कागद केला नाही त्याने करारावर सही करू नये.

२०२२ च्या हरित ओपन अ‍ॅक्सेस नियमांनी किमान मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, म्हणून लहान उद्योगांनाही आता दार उघडं आहे.

आरपीओ आणि आरईसी यांचा उत्पादकाला काय उपयोग?

आरपीओ म्हणजे वितरण कंपन्या, कॅप्टिव्ह आणि ओपन अ‍ॅक्सेस ग्राहक यांच्यावर ठरावीक हिस्सा हरित वीज घेण्याचं बंधन. हा थेट पैसा नाही, पण मागणी यातूनच तयार होते. केंद्राच्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार एकूण हिस्सा २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर जायचा आहे. त्यात पवनऊर्जेचा वेगळा रकाना आहे. तो ०.६७ टक्क्यापासून सुरू होऊन ३.४८ टक्क्यांपर्यंत चढतो. मात्र या रकान्यात ३१ मार्च २०२४ नंतर कार्यान्वित झालेल्याच पवनचक्क्यांची वीज धरतात. जुन्या पवनचक्कीची वीज 'इतर' मध्ये जाते.

आरईसी म्हणजे एक हजार युनिटमागे एक प्रमाणपत्र, जे वीज बाजारात विकता येतं. पूर्वी त्याला किमान किंमत होती, डिसेंबर २०२२ पासून ती नाही. आरईसीच्या उत्पन्नावर कर्जाचे हप्ते बेतू नका.

आंतरराज्य पारेषण शुल्काची माफी महाराष्ट्रातल्या प्रकल्पाला मिळते का?

फक्त आंतरराज्य जाळ्यातून वीज दुसऱ्या राज्यात गेली तर. साताऱ्यात तयार होऊन राज्याच्याच जाळ्यातून चाकणला जाणाऱ्या विजेला ही माफी नाही. ३० जून २०२५ पर्यंत कार्यान्वित झालेल्या प्रकल्पांना पंचवीस वर्षं पूर्ण माफी आहे. त्यानंतर दरवर्षी २५ टक्क्यांनी ती उतरते आणि जुलै २०२८ पासून नव्या प्रकल्पांना काहीच उरत नाही. माझ्या मते या माफीने महाराष्ट्राच्या डोंगरांचं नुकसान केलं. गुजरातच्या किनाऱ्यावरची वीज इथे फुकट पोचू लागली आणि इथल्या वाऱ्याला मात्र राज्याचं पारेषण शुल्क पडत राहिलं.

जीएसटी किती?

पवनचक्की आणि तिचे सुटे भाग यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. ऑक्टोबर २०२१ ते त्या तारखेपर्यंत १२ टक्के होता. विजेवर जीएसटी नसल्याने खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, तो प्रकल्प खर्चातच धरावा लागतो.

कर्जात काही सवलत आहे का?

रिझर्व्ह बँकेने नवीकरणीय ऊर्जेची कर्जं अग्रक्रम क्षेत्रात धरली आहेत. एप्रिल २०२५ पासून एका कर्जदारासाठी मर्यादा ३५ कोटी रुपये आहे. याने व्याज आपोआप कमी होत नाही. बँकेला मात्र असं कर्ज देण्यात रस असतो. 'इरेडा'चाही दर विचारून ठेवा, घासाघीस करायला बरं पडतं.

जुनी पवनचक्की काढून मोठी लावायची आहे. त्यासाठी काही मिळतं का?

याला 'रिपॉवरिंग' म्हणतात. केंद्राचं पहिलं धोरण २०१६ चं, त्यात 'इरेडा'च्या कर्जावर पाव टक्का जादा व्याजसूट होती. नवं धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आलं. दोन मेगावॅटपेक्षा लहान यंत्रं त्यात बसतात आणि जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवण्याचाही पर्याय आहे. तरीही वनकुसवड्यासारख्या ठिकाणी काम पुढे सरकत नाही, कारण अडचण व्याजाची नाहीच. एका मोठ्या यंत्राच्या जागेत सात-आठ जुन्या यंत्रांचे सात-आठ मालक आहेत, प्रत्येकाचा करार वेगळा, वाहिनी जुनी. देशातली सर्वांत वाऱ्याची पठारं सर्वांत लहान यंत्रांनी अडवून ठेवली आहेत. मालकांना एकत्र आणणाऱ्याला प्रोत्साहन मिळेल अशी योजना राज्याने करावी, ही माझी फार दिवसांची मागणी आहे.

कोकणच्या समुद्रात पवनचक्क्या येणार का?

केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची तफावत निधी (प्रकल्पाचा न परवडणारा खर्च भरून काढणारी) योजना मंजूर केली. ती गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी आणि दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहे. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही.

माझ्या जमिनीवर पवनचक्की उभी राहणार आहे. सवलतीतला काही वाटा मला मिळतो का?

कायद्याने नाही. घसारा, प्रोत्साहन रक्कम, शुल्कमाफी हे सगळं यंत्राच्या मालकाचं. जमीनमालकाला मिळतं ते त्याच्या करारात लिहिलेलं, आणि म्हणून तो करार नीट व्हायला हवा. शक्य असेल तर जमीन विकू नका, नोंदणीकृत भाडेपट्टा करा. भाड्यात दरवर्षी वाढ लिहून घ्या आणि ती एकरावर न ठेवता मेगावॅटवर ठेवा, कारण उद्या त्याच जागी मोठं यंत्र आलं तर तुमचं भाडंही वाढेल. रस्ता आणि वाहिनीखालची जमीन वेगळी मोजा. पवनचक्की दुसऱ्या कंपनीला विकली तर पट्टा त्याच अटींवर पुढे चालेल, हे लिहा. आयुष्य संपल्यावर मनोरा आणि पायाचं काँक्रीट कोण काढणार, किती खोलीपर्यंत आणि त्यासाठी अनामत रक्कम कुठल्या बँकेत ठेवणार, हे कलम आमच्या भागातल्या जुन्या करारांत क्वचितच दिसतं. नव्या करारात ते नसेल तर सही थांबवा आणि तालुक्याच्या वकिलाकडून मसुदा वाचून घ्या.